तोडावे की वेचावे?

पंचांगाच्या हिशेबाने वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख. परंतु आमच्या जसोंडीच्या शिवारातील झाडांनी पंचांग पाहिल्याचे दिसत नाही. माघ महिना अर्धा सरतो न सरतो तोच काटेसावरीची पाने गळून जातात आणि उघड्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची तांबडी फुले येऊन बसतात; साळुंक्या, बुलबुल आणि इवलासा शिंजीर यांची त्या फुलांवर सकाळपासून गर्दी होते. आंब्यावर मोहोर येतो तोही त्याच सुमारास. गव्हाच्या ओंब्या भरून पिवळसर होऊ लागतात, हरभऱ्याचे घाटे वाळू लागतात, तापीचे पात्र आक्रसून मधले खडक डोके वर काढतात. फाल्गुन लागला की पळस पेटतो. आणि ज्या दिवसांत खरोखर चैत्र येतो, त्या दिवसांत ऊन इतके कडक झालेले असते की बाहेरगावचा मनुष्य त्यास वसंत न म्हणता सरळ उन्हाळाच म्हणेल. वसंतपंचमीसुद्धा माघ शुद्ध पंचमीस येते, म्हणजे शास्त्राप्रमाणे ऐन शिशिरात! आमच्या या सीमेवरच्या मुलखात तर आणखी एक गंमत आहे. मराठी घरांतील महिना अमावास्येस संपतो आणि शेजारच्या हिंदी घरांतील पौर्णिमेस. त्यामुळे होळी जळाली की शेजाऱ्यांचा चैत्र दुसऱ्याच दिवशी लागतो आणि आमचा पंधरा दिवस थांबून राहतो. रंगपंचमी आमची फाल्गुन वद्यातली, त्यांची चैत्र कृष्णातली. दिवस मात्र एकच आणि रंगही एकच. पळसाने बिचाऱ्याने कोणाचे पंचांग खरे मानावे?

असो. या ऋतूचे वर्णन करण्याचा आमचा हेतू नाही; ते काम कवींनी पुष्कळ करून ठेविले आहे. या दिवसांत आम्हांस दरवर्षी एक प्रश्न पडतो, तो सभासद कुटुंबांपुढे मांडावा एवढीच इच्छा आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी ऋतूंमध्ये आपण वसंत आहोत असे म्हटले आहे, आणि तेथे वसंतासाठी योजलेला शब्द ‘कुसुमाकर’ म्हणजे फुलांची खाण असा आहे. आता सुज्ञ वाचकांनीच विचार करावा. वसंत हाच जर देव, तर त्याच्या अंगावरचे फूल खुडून त्याच्याच मूर्तीच्या मस्तकी ठेवणे या क्रियेचा अर्थ काय होतो? ज्याचे त्यासच दिले, त्यात आपण दिले ते काय? आणि देण्याच्या निमित्ताने जर झाडाचे काही कमी झाले, तर त्या न्यूनाचा जबाबदार कोण? ज्या घरात पूजेची परडी रोज भरावी लागते, त्या घरातील मुलापुढे हा प्रश्न पोथीतला म्हणून राहत नाही. तो रोज पहाटे हातात परडी घेऊन कुंपणाशी उभा असतो.

फुलांविषयी काही नियम आमच्यासारख्या घरांत लहानपणीच शिकविले जातात. सूर्यास्तानंतर झाडास हात लावू नये. कळी खुडू नये. फूल हुंगू नये. दुसऱ्याच्या कुंपणातले विचारल्यावाचून घेऊ नये. झाड ओके करू नये, चार फुले त्याच्या अंगावर राहू द्यावीत. भुईवर पडलेले फूल देवास चालत नाही. अपवाद पारिजातकाचा आणि बकुळीचा, ती दोन्ही खालचीच वेचावयाची. बेलाचे पान शिळे होत नाही, ते धुऊन पुन्हा वाहता येते. हे नियम शिकविताना कोणी त्यांची कारणे सांगत नाही, आणि मूलही विचारीत नाही. परंतु मोठेपणी ते सारे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे असे दिसते की, यांतील निम्मे नियम देवाच्या बाजूचे आहेत आणि निम्मे झाडाच्या बाजूचे. हुंगू नये हा देवाचा मान. संध्याकाळी हात लावू नये, कळी खुडू नये, झाड ओके करू नये, ही झाडाची कड घेतलेली आहे. ज्या कोणा पूर्वजांनी हे नियम बसविले, त्यांच्याही मनात तोडण्याविषयी काही खटकत असले पाहिजे. नाहीतर इतकी कुंपणे घालण्याचे त्यांना कारण नव्हते. केवळ देवाचाच विचार असता, तर ताजे, सुवासिक आणि पुष्कळ, एवढे सांगून भागले असते.

मग पारिजातक आणि बकुळ यांनाच अपवाद का? पारिजातक तर वसंतातला नव्हेच, तो श्रावणापासून पुढे फुलतो. बकुळ मात्र याच दिवसांची. दोन्ही झाडांची फुले आपण होऊन टपटप खाली येतात आणि खाली आली तरी सुवास सोडीत नाहीत. बकुळ तर वाळल्यावरही दरवळते. म्हणजे जेथे झाडाने आपले काम संपवून फूल सोडून दिले आणि तरीही ते ताजे राहिले, तेथे शास्त्राने मोठ्या आनंदाने सांगितले की, मग तोडता कशाला, वेचून घ्या. आम्हांस या अपवादातच मूळ नियमाचे मर्म असल्याचा संशय येतो.

आमच्या तीर्थरूपांना हे मत मान्य नाही, आणि त्यांचा आक्षेप आम्ही येथे मुद्दाम पूर्ण देत आहो, कारण तो हलका नाही. ते म्हणतात, “अरे, जे आपोआप खाली पडले ते तू दिलेस असे कसे म्हणशील? पडलेले उचलणे यात सोय आहे, अर्पण नाही. मनुष्य पहाटे उठतो, स्नान करतो, ओलेत्याने झाडापाशी जातो, हात वर करून एक एक फूल काढतो, त्या श्रमाला पूजा म्हणतात. देवाला फुलाची गरज नाही, तुझ्या उठण्याची आहे. सोय पाहू लागलास म्हणजे उद्या म्हणशील की बाजारातला हार बरा.” यावर एकदम उत्तर देता येत नाही. बाजारच्या हाराविषयी तर त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले आहे. सणाच्या दिवशी मंदिरात येणाऱ्या झेंडूच्या हारांतील किती हार वाहणाऱ्याने स्वतःच्या हाताने गुंफलेले असतात? प्लास्टिकच्या पिशवीतून आलेला हार पुजाऱ्याच्या हाती जातो, क्षणभर मूर्तीवर राहतो आणि पुढच्या हारास जागा करून देण्यासाठी निर्माल्याच्या टोपलीत पडतो. त्यात तोडणेही नाही आणि वेचणेही नाही; केवळ पैसे मोजणे आहे.

तरीपण आक्षेपाचा पूर्वार्ध तपासून पाहिला पाहिजे. तोडलेले फूल तरी आपले असते काय? माघ वद्य चतुर्दशीस महाशिवरात्र येते. त्या दिवशी शंकरास बेलाबरोबर आंब्याचा मोहोर वाहण्याची आपल्याकडे चाल आहे. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी कधी हजारांच्या घरात बारीक फुले असतात. त्यांतील पुष्कळशी नरफुले, ज्यांना फळ धरावयाचेच नसते. उरलेल्यांतूनही वारा, कीड, ढगाळ हवा यांनी बहुतेक गळतात, आणि एवढ्या मोठ्या तुऱ्यातून अखेरीस पिकतो एखादा आंबा, क्वचित दोन, कित्येकदा एकही नाही. तेव्हा एक तुरा देवास वाहिला म्हणून आंब्याचे झाड भिकेस लागत नाही. निसर्गाची उधळपट्टीच अशी दांडगी आहे की तिच्यातून देवाचा वाटा सहज निघतो. येथवर कोणाचीही हरकत नसावी. परंतु तुरा आणि डहाळी यांत फरक आहे. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य उपसताना हातभर लांबीच्या डहाळ्या निघतात, पानांसकट, काहींवर दहादहा तुरे. ती झाडे वाहणाऱ्यांची असतात असेही नाही. रस्त्याच्या कडेचा आंबा, कोणाच्या बांधावरचा आंबा, ज्याचा हात पोहोचेल त्याने ओढावा! ज्या शेतकऱ्याच्या बांधावरचे ते झाड, त्याच्या लेकरांच्या वाट्याच्या कैऱ्या महादेवाच्या पिंडीवर दुपारपर्यंत कोमेजून जातात. महादेव भोळा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तो इतका भोळा नसावा.

येथे कोणी म्हणेल की, वनस्पतीस जीव आहे, तिला दुःख होते, म्हणून तोडूच नये. आचार्य जगदीशचंद्र बसू (१८५८–१९३७) यांनी वनस्पती आघातास प्रतिसाद देतात हे प्रयोगाने दाखविले, त्याचा आधार या मतास अनेक वेळा दिला जातो. आमच्या अल्पमतीप्रमाणे हा आधार ताणलेला आहे. प्रतिसाद देणे निराळे आणि आपल्यासारखे दुःख भोगणे निराळे. शिवाय या वाटेने गेले तर गहू कापणेही पाप ठरेल आणि भाजी चिरणेही. मग मनुष्याने जगावे कसे? आम्ही दुःखाच्या प्रश्नात शिरत नाही. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. फूल हे झाडाच्या दृष्टीने एका कामाच्या मध्यावर आहे. त्याचे फळ व्हावयाचे आहे, फळातून बी, बीतून पुढचे झाड. त्या कामाच्या मध्यावर आपण हात घालतो, की काम संपल्यावर?

हा प्रश्न मनात धरून शिवारातून चालले म्हणजे किती तरी गोष्टी निराळ्या दिसू लागतात. अंगणातील जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटून गळते. बागेतली तिची वाणे बहुधा बी धरीतच नाहीत, आपण फांदी लावून ती वाढवितो. तेव्हा सकाळी ते फूल घेतले तर झाडाच्या संसारातून काही गेले नाही. मोगऱ्याचेही तसेच. गव्हाची कापणी पाहा: ओंबी वाळली, काडी सोन्यासारखी झाली, रोपाचे आयुष्य संपले, मग विळा लागला. हिरव्या गव्हात कोणी विळा घालीत नाही, घातला तर त्यास वेडा म्हणतात. केळीची गोष्ट तर फारच विचार करण्याजोगी आहे. आमचा बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. परंतु केळीला वसंत नाही. विहिरीचे आणि नळकूपाचे पाणी पिऊन ती बाराही महिने हिरवी असते, कोणत्याही महिन्यात तिचे केळफूल लोंबते. सारे शिवार पिवळे पडले असताना मधेच केळीचा हिरवागार चौकोन दिसतो, तो डोळ्यांस गार वाटतो खरा, पण ऋतूची खूण त्यात नसते. ती आयुष्यात एकदाच फळते. घड उतरला की खोड तोडतात, आणि तोपर्यंत बुडाशी तिची पिले उभी राहिलेली असतात. आईने आपले काम पुरे करून, पुढची पिढी उभी करून मग विळ्यास मान दिली, असे म्हटले तरी चालेल.

या सर्वांहून आम्हांस मोठा गुरू वाटतो तो मोह. नावावरून गैरसमज होऊ नये! षड्रिपूंतला मोह निराळा; आम्ही झाडाविषयी बोलत आहो, ज्यास संस्कृतात मधूक म्हणतात. आपल्या सभासद कुटुंबांत मोहाचे नाव निघाले की दारूचेच स्मरण होते आणि नाके मुरडली जातात. तो त्या झाडावर अन्याय आहे. सातपुड्याच्या रांगांत राहणारे कोरकू, बारेला, भिलाला बांधव त्यास अन्नदाता समजतात, आणि ते योग्यच आहे. फाल्गुनात त्याची पाने झडू लागतात. मग उघड्या फांद्यांच्या टोकांना झुबके येतात आणि चैत्राच्या सुमारास, रात्र उतरणीस लागली की, मलईच्या रंगाची, रसाने भरलेली, द्राक्षाएवढी फुले खाली पडू लागतात. पहाटे त्या झाडाखाली गेलेल्या मनुष्यास पावसाच्या मोठ्या थेंबांसारखा आवाज ऐकू येतो, आणि वास तर अर्ध्या फर्लांगावरून. ती फुले वेचून उन्हात वाळविली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. भाजून, शिजवून, भाकरीच्या पिठात मिसळून ती खातात. जुन्या दुष्काळांत डोंगरातल्या माणसांचे प्राण या फुलांनी राखले आहेत. रात्री वटवाघळे येतात, हरणे येतात, अस्वलही येते. पहाटे माणूस येतो. ज्याने त्याने आपला वाटा उचलावा. पुष्कळ ठिकाणी कोणते झाड कोणत्या घराण्याने वेचावयाचे हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि त्याची कागदावर नोंद नसताना ते पाळले जाते.

परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. मोहाचे जे फूल खाली पडते ते वस्तुतः संपूर्ण फूल नव्हे. खाली येते ती रसाळ पाकळ्यांची वाटी, पुंकेसरांसकट. फळ ज्यातून व्हावयाचे तो स्त्रीकेसर देठाशी झाडावरच राहतो. म्हणजे झाडाने आपल्या संसाराचे बीज वर धरून ठेविले आणि आता ज्याची गरज उरली नाही एवढेच खाली सोडिले. त्याच जागी पुढे ज्येष्ठ-आषाढात फळे पिकतात, बियांचे तेल निघते, आणि काही बिया जमिनीत जाऊन रुजतात. एक मोठा हारा भरून फुले वेचली, तरी झाडाचे एक फळ कमी होत नाही. घेणाऱ्याची टोपली भरते आणि देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही, असा व्यवहार जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो. कालिदासाच्या शाकुंतलातील चौथ्या अंकाचे येथे स्मरण होते. शकुंतला सासरी निघाली तेव्हा तिच्या अंगावर घालण्याची वस्त्रे आणि भूषणे तपोवनातील वृक्षांनीच दिली, आणि ही तीच कन्या की जी नटण्याची आवड असूनही प्रेमापोटी त्या वृक्षांची पालवी खुडीत नसे. कवीने हे दोन प्रसंग एकाच अंकात ठेविले, ते उगाच ठेविले नसतील.

आता या सुंदर व्यवहारास आग कशी लागते ते सांगितले पाहिजे. मोहाखाली त्या दिवसांत वाळलेल्या पानांचा थर असतो आणि फुले त्यात हरवतात. ती सहज दिसावीत म्हणून पुष्कळ लोक झाडाखालची पाने पेटवून देतात. काळ्या झालेल्या भुईवर पांढुरकी फुले चांदण्यांसारखी उठून दिसतात. झाड जाड सालीचे, त्यास फारशी इजा होत नाही. परंतु चैत्राचा वारा आणि वाळलेले गवत यांच्या संगतीने ती आग त्या एका झाडाखाली थांबेल अशी हमी कोण देणार? ती उतार चढते. गेल्या पावसात उगवलेली सागाची, सलईची आणि खुद्द मोहाची रोपटी जळतात. तितर, लावा, रातवा हे पक्षी भुईवरच अंडी घालतात आणि त्यांचे दिवसही हेच. ती अंडी जळतात. रात्री दूरवरच्या डोंगरावर आगीच्या रेघा दिसतात. लांबून त्या दीपमाळेसारख्या भासतात, आणि गच्चीवर उभे राहून ‘काय शोभा आहे!’ असे म्हणणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. राखीव वनांत आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा ठरविलेला आहे, परंतु पहाटेच्या अंधारात काडी कोणी ओढली हे अधिनियमास कसे दिसावे? जी फुले तोडावी लागत नाहीत, केवळ वेचावयाची आहेत, त्या वेचण्यातही माणसाने एवढा विध्वंस भरून ठेविला. तेव्हा केवळ ‘वेचावे’ एवढे म्हणून आमचा प्रश्न सुटत नाही, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. तीर्थरूपांनी ‘सोय’ हा शब्द वापरला होता, तो येथे बरोबर लागू पडतो. झाडाने फूल फुकट दिले. माणसास वाकून, पाने बाजूला सारून ते शोधण्याचेही श्रम नकोत.

मात्र हे वाचून कोणी डोंगरातल्या माणसांकडे बोट दाखवू नये. ज्यास त्या हाऱ्याभर फुलांवर वर्षाचे मीठमिरची चालवावयाची आहे आणि सूर्य वर येण्यापूर्वी चार झाडे उरकावयाची आहेत, त्याच्या हातातली काडी निदान समजू तरी शकते. आपल्या गावाकडचे काय? गहू निघाला की पाठोपाठ शेतेच्या शेते पेटविली जातात. ज्या धसकटांस आमच्याकडे सर्रास नरवाई म्हणतात, ती नांगरून मातीत घालण्यापेक्षा काडी लावणे स्वस्त पडते. मध्य प्रदेशात त्यास बंदी आहे आणि दंडही आहे, तरी धूर दिसावयाचा तो दिसतोच. त्या आगीत बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब होरपळतात. मातीतले गांडूळ जळते. कधी शेजाऱ्याचा उभा गहू जातो आणि मग दोन घरांत वर्षानुवर्षे बोलणे राहत नाही. होळीसाठी हिरवी फांदी आणणारे तर आपणच. २०२२ आणि २०२३ या वर्षांत नेपानगरच्या बाजूच्या वनांत बेसुमार वृक्षतोड झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात हळहळ व्यक्त झाली, ती योग्यच होती. परंतु हळहळणाऱ्यांपैकी कितीकांच्या स्वतःच्या बांधावर एक तरी झाड उभे होते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. जाता जाता एवढेही सांगितले पाहिजे की, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केलेली नेपानगरची कागद गिरणी सलई आणि बांबू यांवरच उभी राहिली. लिहिणारे आणि वाचणारे आपणही झाडांचे ऋणी आहो. आम्ही हे कागदावरच लिहीत आहो.

काही ठिकाणी आता मोहाच्या झाडाखाली जाळी ताणून फुले वरच्यावर झेलण्याची रीत सुरू झाली आहे. त्यात आग लागत नाही, फुलास मातीही लागत नाही, आणि स्वच्छ फुलास भाव बरा मिळतो. जाळीचा खर्च ज्यास परवडत नाही, त्याच्याकडे जुनी लुगडी जोडून अंथरण्याचा उपाय आहे. आणि काहीच नसेल तर झाडू आहे. म्हणजे उपाय मोठ्या ज्ञानाचा नाही. थोडे लवकर जाऊन भुई झाडून ठेवावयाची, एवढाच आहे.

येथे आम्हांस तीर्थरूपांच्या आक्षेपाचे उत्तर अर्धवट का होईना सापडल्यासारखे वाटते. अर्पण करण्याजोगे आपल्याजवळ खरोखर आपले असे काय आहे? फूल आपले नाही, ते तोडलेले असो वा पडलेले. आपले आहेत ते श्रम, हे त्यांचे म्हणणे आम्ही शिरसावंद्य मानतो. फक्त श्रम कोठे खर्च करावयाचे एवढ्यापुरता आमचा मतभेद आहे. हात वर करून डहाळी ओढणे हाही श्रमच, पण तो झाडाच्या उपयोगी पडत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात विहिरीचे पाणी खाली गेले असताना दोन बादल्या आणून आळ्यात ओतणे, हा श्रम झाडाच्याही उपयोगी आणि देवाच्याही. तेराव्या शतकातील सावता महाराजांचे उदाहरण आपल्या संप्रदायात सर्वांस ठाऊक आहे. अरणगावचा तो माळी. मळ्यातील भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. ते भाजी खुडीत नसत काय? खुडीत होते, विकीतही होते. परंतु खुडणारा हात तोच होता जो मोट धरीत होता आणि आळी करीत होता. ज्याने पाणी घातले त्याने खुडावे. ज्याने घातले नाही त्याने, फार झाले तर, वेचावे. आमचे मत हे असे आहे. हे मत तीर्थरूपांना वाचून दाखविले तेव्हा ते इतकेच म्हणाले, “मग बेलाला पाणी कोण घालतो ते आधी पाहा.”

आम्ही पाहिले. मंदिराच्या आवारातील बेलाचे झाड महाशिवरात्रीस आणि श्रावणातल्या सोमवारी किती हातांना पाने पुरविते, ते सर्वांस माहीत आहे. महाशिवरात्रीस तर त्याची पाने जून, धुळीने भरलेली असतात, थोड्याच दिवसांत ती गळावयाची असतात. त्या वेळी ती घेण्यात विशेष बाधाही नाही. परंतु त्यानंतर चैत्रात नवी, पोपटी, मऊ पालवी येते आणि नेमक्या त्याच कोवळ्या पानांस हात घालण्याची इच्छा होते, कारण ती दिसावयास सुंदर. त्या झाडाच्या बुडाशी जमीन दगडासारखी झालेली होती. आता तेथे आळे केले असून हौदाजवळ एक बादली आणि तांब्या ठेविला आहे. पान घेणाराने एक तांब्या पाणी घालावे, असे तोंडी सांगण्यात येत आहे. पहिल्या आठवड्यात पुरुषमंडळींपेक्षा स्त्रियांनी आणि स्त्रियांपेक्षा मुलांनी ते अधिक मनावर घेतले. मुले तर पान न घेताही पाणी घालतात, आणि आळे भरून वाहू लागले तरी थांबत नाहीत. त्यांना थोडे आवरावे लागते.

राहिला गुढीपाडवा. त्या दिवशी कडुनिंबाची डहाळी गुढीस लागते आणि कोवळी पाने व फुलोरा गुळाबरोबर खाण्यासाठी लागतो. गावातील कडुनिंबांना चैत्रातच फुले येतात, आणि पाडव्याच्या पहाटे रस्त्याकडेच्या झाडांवर प्रत्येक घरातून एक तरी काठी पडते. गुढीस लागते ती वीतभर डहाळी. मोडली जाते ती फांदी, आणि उरलेली दारात सुकत पडते. तरी एका आळीने एकच फांदी काढून घराघरांत वाटून घ्यावी, अशी सूचना आहे. प्रसादासाठी लागणारा कडुनिंब, गूळ, जिरे आणि ओवा कुटून मंदिरातच तयार करण्यात येईल. ज्या मंडळींस तो घरी न्यावयाचा असेल, त्यांनी सकाळी आरतीनंतर वाटी घेऊन यावे.